टायरवरचे शेवटचे अक्षर

इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग एकदाचा पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता, सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. या रस्त्याबद्दल बोलणे झाले ते टोलबद्दल, जमिनीच्या मोबदल्याबद्दल, चालकाला लागणाऱ्या डुलकीबद्दल. टायरचा विषय निघतो तो अपघात झाल्यावर, आणि तोही ‘टायर फुटला’ या दोन शब्दांत आटोपतो.

वास्तविक या रस्त्याने सर्वांत मोठा बदल घडवला तो टायरच्या आयुष्यात. जुन्या वाटेने नागपूरला जायचे तर मध्ये गावे, फाटे, गतिरोधक, बाजारचा दिवस आणि रस्ता अडवून उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर असे सगळे असायचे. गाडी एकाच वेगाने पंधरा मिनिटेही चालत नसे. टायर तापायचा आणि लगेच थोडा निवायचाही. आता जालन्यापासून नागपूरपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवरून न हलवता जाता येते. विदर्भातला मे महिना, भरदुपारचा तापलेला काँक्रीटचा रस्ता, गाडीत पाच माणसे आणि डिकीत लग्नाच्या बॅगा, असा प्रवास आपल्याकडची कुटुंबे आज सर्रास करतात. टायरच्या दुकानातले संभाषण मात्र जुनेच राहिले आहे. “माप काय? बजेट किती?” एवढ्या दोन प्रश्नांत सौदा होतो.

त्या मापाच्या शेवटी एक अक्षर असते, ते कोणी विचारत नाही. मध्यम आकाराच्या मोटारीच्या टायरवर, समजा, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे कोरलेले असते. १८५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल रचना आणि १५ इंच हा डिस्कचा व्यास. इथपर्यंत दुकानदाराला पाठ असते. पुढचा ८८ हा लोड इंडेक्स. एका टायरने ५६० किलो वजन पेलावे, असा त्याचा अर्थ. आणि शेवटचा एच म्हणजे स्पीड रेटिंग, ताशी २१० किलोमीटर. या अक्षरांचा तक्ता ठरलेला आहे: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००. एच हे अक्षर वर्णमालेतली जागा सोडून यू आणि व्ही यांच्या मध्ये घुसलेले दिसते, त्याला कारण इतिहास आहे. युरोपात सुरुवातीला एस, एच आणि व्ही असे तीनच वर्ग होते. बाकीची अक्षरे त्यांच्या मागेपुढे नंतर भरली गेली.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वाजवी आहे. कायद्याने १२० च्या वर जायचे नाही. टी टायरसुद्धा १९० सोसतो. मग कंपनीने एच दिला असताना टी घेतला तर बिघडले कुठे? शिवाय खालच्या अक्षरावर उतरले की चार टायरमागे थोडे पैसेही वाचतात. हा हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो, कारण त्यात अक्षर म्हणजे वेगाचा परवाना असे गृहीत धरलेले आहे. ते गृहीतच तपासायला हवे.

हे अक्षर प्रयोगशाळेत मिळते. नवा कोरा टायर डिस्कवर चढवून ठरल्याप्रमाणे हवा भरतात, फिरत्या पोलादी ढोलावर ठरावीक भाराने दाबून धरतात आणि वेग दहा-दहा किलोमीटरने वाढवत नेतात. ही परीक्षा साधारण तासाभराची असते. तेवढ्यात टायर टिकला, त्याचे थर सुटले नाहीत, रबराचे तुकडे उडाले नाहीत, की ते अक्षर कोरायला परवानगी मिळते. इथे टायर नवा असतो, हवा पुरेशी असते आणि वेळ तासभराचा असतो. तीन वर्षे वापरलेला, दोनदा पंक्चर काढलेला, हवा पाच-सहा पीएसआयने उतरलेला आणि सलग चार तास पळणारा टायर या परीक्षेला कधी बसलेलाच नाही. १९० आणि १२० यांच्यातले अंतर ही चैन नाही. वापराने, उन्हाने, ओझ्याने आणि आपल्या आळसाने जी घट होते, ती भरून काढण्यासाठी राखलेली ती जागा आहे.

घट कशाने होते, तर मुख्यतः उष्णतेने. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग तिथे येतो, चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा गोल होतो. लोखंडी तार तीच तीच वाकवली की हाताला गरम लागते, तसेच रबराचे होते. वर दिलेल्या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे ताशी १२० वेगाला हे चाक सेकंदाला सतरा फेरे घेते. समृद्धीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्या प्रत्येक इंचाला साडेतीन लाखांहून जास्त वेळा दुमडावे आणि सरळ व्हावे लागते. ८० च्या वेगाला सेकंदाचे फेरे अकरा-साडेअकराच असतात; शिवाय टायरला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १२० वर गेल्यावर तो दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. वेग आणखी वाढत गेला तर एक वेळ अशी येते की चपटा झालेला भाग पुन्हा गोल व्हायच्या आत त्याची पुढची पाळी येते. मग टायरच्या मागच्या अंगाला लाटा उठतात आणि तिथून पुढे काही मिनिटांत नक्षीचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागतो. हवा कमी असेल, तर ही वेळ पुष्कळ आधी येते.

वरच्या अक्षराचा टायर ही उष्णता आणि हा जोर कसा पेलतो, याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. नक्षीच्या खाली पोलादी तारांच्या दोन तिरप्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर बऱ्याच टायरमध्ये नायलॉनच्या धाग्याचा एक थर घेराच्या दिशेने गुंडाळलेला असतो. तापला की नायलॉन आक्रसतो आणि पोलादी पट्ट्यांना जागच्या जागी आवळून धरतो. खालच्या श्रेणीच्या टायरमध्ये हा थर नसतो किंवा फक्त कडांना असतो. श्रेणी वाढते तसा तो पूर्ण रुंदीभर येतो, कधी दुहेरी होतो. डिस्कला धरून बसणाऱ्या कडेजवळचे रबरही अधिक कडक घेतात. प्रत्येक कंपनीची कृती वेगळी असते. पण टायरची घडण अधिक ताठ होत जाते, ही दिशा सगळीकडे सारखीच.

आणि इथेच हा विषय टायर फुटण्यापुरता उरत नाही. चालकाने स्टिअरिंग वळवले की गाडी लगेच वळते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आधी डिस्क वळते, मग टायरची बाजू मुरडते, मग रस्त्याला टेकलेले रबर तिरपे होते आणि त्यातून जो आडवा जोर निर्माण होतो, तो गाडीला वळवतो. बाजू मऊ असेल तर मधल्या पायरीला उशीर लागतो. बाजारात ४० च्या वेगाला हा उशीर कळतही नाही. पण समोर चाललेल्या ट्रकवरून ताडपत्री उडाली किंवा दुभाजकातून कुत्रे धावत आले आणि ११० च्या वेगाला एका लेनमधून दुसरीत आणि परत पहिलीत यावे लागले, की तोच उशीर गाडीच्या मागच्या भागाला झोल देतो. गाडी पहिल्या वळणाला उशिरा आणि जरा जास्तच प्रतिसाद देते. घाबरलेला चालक उलटे वळवतो. तोवर पहिला झोल संपलेला नसतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीने सस्पेन्शन, स्टिअरिंग, एबीएस आणि घसरण सावरणारी ईएससी यंत्रणा हे सारे ज्या टायरवर जुळवलेले असते, त्याच ताठपणाचा टायर तिथे असेल हे धरून चाललेले असते. म्हणून जो आयुष्यात १०० च्या वर गेला नाही, त्यालाही हे अक्षर लागू पडते. कमी अक्षराचा टायर फुटेलच असे नाही. पण अडचणीच्या दोन सेकंदांत गाडी वेगळी वागेल, हा धोका खराच.

तेव्हा नियम सरळ आहे. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या आणि लोड इंडेक्सच्या खाली उतरायचे नाही. पण कंपनीने काय दिले होते, हे गाडीला सध्या लावलेल्या टायरवर पाहू नये. गाडी दुसऱ्या हाताची असेल किंवा टायर एकदा बदलून झाले असतील, तर आधीच कोणीतरी खाली उतरलेले असू शकते. चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर माप आणि हवेचा दाब मिळतो, आणि त्यावर अक्षर नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत सापडते. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या प्रकाराला वेगवेगळी मापे आणि वेगवेगळी अक्षरे असू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीला कोणते टायर चालले, हा पुरावा धरता येत नाही.

वर चढायला हरकत नाही. टी च्या जागी एच घेतला तर नुकसान नाही. पण विनाकारण दोन-तीन पायऱ्या चढून व्ही किंवा डब्ल्यू घेण्यातही शहाणपण नाही. पैसे जास्त जातात, गाडी थोडी कडक चालते, आणि ज्या रस्त्यांवर आपली बहुतेक धाव होते तिथे त्याचा उपयोग शून्य. मोठी डिस्क आणि बुटका टायर लावून गाडी ‘भारी’ दाखवण्याची हौस हा तर वेगळाच विषय. त्या बुटक्या टायरला खड्ड्यात फुगा येतो तो अक्षरामुळे नव्हे, बाजूची उंची कमी असल्यामुळे. मात्र दुकानात ‘व्ही रेटिंग आहे, काही होत नाही’ असे सांगून दोन्ही गोष्टींची भेसळ केली जाते. अक्षराने ओल्या रस्त्यावरची पकड कळत नाही, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल तेही कळत नाही. एकाच अक्षराचे दोन टायर श्रावणातल्या सरीत अगदी निराळे वागू शकतात. अक्षर ही किमान अट आहे. एवढी पुरी झाल्यावर मग पकड, आवाज, टिकाऊपणा यांची तुलना करावी.

चार टायर एकदम बदलणे सर्वांना परवडत नाही, आणि तसा आग्रह धरणेही बरोबर नाही. पण बदलायचे तर निदान एका आसावरची जोडी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची आणि एकाच अक्षराची असावी. एका बाजूला एच आणि दुसऱ्या बाजूला टी, हे कधीही करू नये. नवी जोडी कुठे लावायची, यावर आपल्याकडचे दुकानदार हटकून पुढचे नाव घेतात: “पुढे टाका, स्टिअरिंग हलके राहील.” टायर उद्योगाचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. चांगली जोडी मागे हवी. कारण पुढची चाके घसरली तर गाडी वळायला कां-कूं करते आणि सरळ जाऊ पाहते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुधा सावरते. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाच्या हातात काही राहत नाही. अक्षरे मिसळण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर वरच्या अक्षराची जोडी मागे, आणि सगळ्या गाडीची मर्यादा सर्वांत खालच्या अक्षराएवढी, असे समजून चालवावे.

स्टेपनीचेही तेच. अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान किंवा अरुंद येते आणि तिच्यावर ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. पंक्चर झाल्यावर ती लावून जवळच्या दुकानापर्यंत जाणे, एवढेच तिचे काम. मुंबईपर्यंतचा उरलेला प्रवास त्याच चाकावर १०० ने उरकणारे बहाद्दर समृद्धीवर दिसतात.

अक्षर कितीही चांगले असले तरी ते हवेच्या भरवशावर उभे असते. दाब कमी असला तर एच टायरची बाजूही योग्य दाबाच्या टी पेक्षा जास्त दुमडू शकते. दाब सकाळी, गाडी धावण्यापूर्वी तपासायचा असतो. तापलेल्या टायरमध्ये तो आपोआप वाढलेला दिसतो आणि टोलनाक्याजवळच्या पंपावर ‘जास्त आहे’ म्हणून हवा सोडणारे नेमके उलटे काम करतात. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवर दिलेला भरल्या गाडीचा दाब घ्यायचा. तो वेगळा असतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नायट्रोजन भरला म्हणजे दाब बघायला नको, हाही एक लाडका गैरसमज. बाजूला चीर किंवा फुगा असलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. आणि वय पाहावे. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. अनेक उत्पादक दहा वर्षे ही अखेरची मर्यादा मानतात, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने तिची वाट पाहू नये. दुकानातला ‘नवा’ टायर गोदामात किती काळ पडून होता, हेही याच आकड्यांवरून कळते.

आता सरकारच्या वाट्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून उथळ झालेली चालत नाही. मोटारीचा टायर आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. त्यासाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २००९ चा आहे. समृद्धीवर अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत फिरवल्या. हे चांगलेच झाले. पण अशी तपासणी नक्षीच्या खोलीपाशी थांबू नये. लोड इंडेक्स, अक्षर आणि उत्पादनाचा आठवडा या तीन गोष्टी वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही, टॉर्च पुरतो.

दुसऱ्या बाजूला, प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडण्याची सवयही आपण सोडली पाहिजे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या पाहणीत त्याला आधार सापडला नाही. टायर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणे सोपे जाते. झोप, अतिवेग आणि बेपर्वाई यांचे पाप टायरच्या माथी मारले, की खऱ्या टायरदोषांचा तपासही तितकाच उथळ होतो. अपघातग्रस्त गाडीच्या चारही टायरची मापे, अक्षरे, वय आणि दाब यांची नोंद पंचनाम्यात आली, तर निदान पुढच्या काही वर्षांत आपल्याला अंदाजाऐवजी आकड्यांनी बोलता येईल. तसेच गाडीच्या कागदोपत्री मापाखालचा किंवा अक्षराखालचा टायर विकताना ग्राहकाची लेखी संमती घेणे दुकानदारावर बंधनकारक करावे. चष्म्याचा नंबर बदलून देणारा दुकानदार आपण खपवून घेणार नाही, आणि टायरच्या दुकानात तेच दर आठवड्याला घडते.

हा नियम येईल तेव्हा येईल. तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे: टायर घ्यायला जाताना दारावरच्या स्टिकरचा आणि पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये न्यावा, टायर डिस्कवर चढण्याआधी त्याच्या बाजूवरची शेवटची तीन चिन्हे आणि चार आकडे स्वतः वाचावेत, आणि बिलावर नुसते ‘टायर ४ नग’ न लिहू देता पूर्ण माप, लोड इंडेक्स, स्पीड रेटिंग आणि उत्पादनाचा आठवडा लिहून घ्यावा. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान पाहावे.